तुमच्याकडे मांजर आहे का?

आमच्या धंद्यात एक भयंकर प्रकारचा बग असतो. लक्षणं सगळ्यांना दिसतात, त्याला नावही पडलेलं असतं, पण मूळ कारण काही हाती लागत नाही. शेवटी कोणीतरी कंटाळून कुठल्यातरी मॉड्यूलच्या नावावर बिल फाडतो आणि टिकेट क्लोज करतो.

वैद्यकात असाच एक बग तब्बल साठ वर्षं ओपन होता. त्याचं नाव कॅट स्क्रॅच डिसीज, म्हणजे मांजराने बोचकारल्यामुळे होणारा आजार.

तर झालं असं. १९३१ मध्ये पॅरिसला रॉबेर देब्रे या बालरोगतज्ज्ञाकडे एक मुलगा आला. कोपराजवळ गाठ, सुजलेली, पू झालेला. त्या काळी अशी गाठ दिसली की आधी टीबी आठवायचा. (आपल्याकडे मानेला गाठ आली की आजही आधी टीबीचीच शंका येते, आणि ती रास्त आहे.) पण देब्रेंचं लक्ष गेलं ते मुलाच्या अंगावरच्या मांजराच्या ओरखड्यांकडे. मग असे आणखी पेशंट जमत गेले आणि १९५० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. फ्रेंच नावाचा अर्थ 'मांजराच्या नखांचा आजार'. (जाता जाता, देब्रेंचा मुलगा मिशेल १९५९ मध्ये फ्रान्सचा पंतप्रधान झाला.)

हा आजार ओळखायला अवघड का? मांजराने ओरखडल्यावर साधारण ३ ते १० दिवसांनी तिथे एक बारीक पुळी येते. पुढच्या एक ते तीन आठवड्यांत जवळची गाठ सुजते. ओरखडा हाताला असेल तर काखेत किंवा कोपराजवळ, चेहऱ्यावर असेल तर मानेत. थोडा ताप, थकवा, डोकेदुखी. बहुतेकांचं दोन-चार महिन्यांत आपोआप बरं होतं. पण गाठ येईपर्यंत ओरखडा कधीच भरून गेलेला असतो आणि मांजर घरात ठणठणीत फिरत असतं! मग कोणाला आठवणार? पेशंटच्या डोक्यात टीबी नाहीतर कॅन्सर.

निदानाची गोष्ट तर आणखी अजब. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत हँगर आणि रोज यांनी एक स्किन टेस्ट काढली. एका पेशंटच्या गाठीतला पू घ्यायचा, तापवून जंतू मारायचे आणि दुसऱ्याच्या कातडीत टोचायचा. दोन-तीन दिवसांत तिथे लाल फुगवटा आला की पॉझिटिव्ह. म्हणजे गुन्हेगार कोण ते माहीत नाही, पण ओळख परेड तयार! त्या पुवात आणखी काय काय असेल याची खात्री नाही, तरी पुढे कित्येक वर्षं ही टेस्ट चालली. दुसरं काही नव्हतंच.

१९८३ मध्ये वॉशिंग्टनच्या आर्म्ड फोर्सेस इन्स्टिट्यूट ऑफ पॅथॉलॉजीत ३९ पेशंटच्या गाठी चांदीच्या रंगद्रव्याने रंगवून पाहिल्या. ३४ जणांत बारीक जिवाणू दिसले. १९८८ मध्ये एक जिवाणू लॅबमध्ये वाढवलाही, आणि १९९१ मध्ये संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव ठेवलं अफीपिया फेलिस. टिकेट क्लोज.

पण बिल चुकीच्या नावावर फाटलं होतं.

खरा धागा मिळाला भलत्याच ठिकाणी. ऐंशीच्या दशकात एड्सच्या काही पेशंटना कातडीवर लालसर गाठी येत. दिसायला एका कॅन्सरसारख्या, पण आत जिवाणू. ते वाढवता येईनात. १९९० मध्ये रेल्मन आणि सहकाऱ्यांनी जिवाणू न वाढवता थेट पेशींच्या नमुन्यातून त्याचा जीन वाचला. तो निघाला पहिल्या महायुद्धातल्या ट्रेंच फीव्हरच्या जंतूचा जवळचा नातेवाईक. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीत रेग्नरींनी मांजराच्या ओरखड्याच्या ४१ पेशंटचं रक्त या नव्या जंतूशी ताडून पाहिलं. ३६ जणांत त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडीज निघाल्या! जंतूला नाव मिळालं ओक्लाहोमातल्या लॅब टेक्नॉलॉजिस्ट डायान हेन्सेल यांचं. आजचं पूर्ण नाव बार्टोनेला हेन्सेली.

हे नुसतं नावापुरतं नव्हतं. धडधाकट मुलाला जो जंतू एक गाठ देऊन सोडतो, तोच प्रतिकारशक्ती गेलेल्या माणसाचा जीव घेऊ शकतो. आणि एरिथ्रोमायसिनसारख्या साध्या औषधाने तो आटोक्यात येतो. पण त्यासाठी आधी कॅन्सर नाही, जंतू आहे हे कळायला हवं ना!

पुढे १९९६ मध्ये हेही सिद्ध झालं, की हा जंतू एका मांजराकडून दुसऱ्याकडे पिसवा नेतात. पिसवांची घाण मांजराच्या नखांत अडकते आणि ओरखड्यातून आपल्या अंगात शिरते. त्यामुळे मांजराला घराबाहेर काढायची गरज नाही. पिसवांचं औषध करा, ओरखडा लगेच साबणाने धुवा, बस्स.

आता रक्ताची टेस्ट आहे, पीसीआर आहे. पण टेस्ट लिहून द्यायला आधी शंका यावी लागते, आणि ती येते एका साध्या प्रश्नामुळे. डॉक्टर गडबडीत तो विचारायला विसरले, तर आपणच सांगावं, "डॉक्टर, आमच्याकडे मांजराचं पिल्लू आहे."

असो. आमच्या मनीची अंघोळ राहिली आहे. निघतो!