एकाच मेंदूची न जुळणारी चित्रे

१/५
१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका रुग्णाच्या मेंदूचे पहिले सीटी चित्र घेतले गेले. कवटी न उघडता आतील गाठ दिसू लागली. पुढे पेट आणि एमआरआय आले, आणि त्यांच्याबरोबर एक नवा पेचही.

२/५
सीटीत हाड शुभ्र दिसते, एमआरआयमध्ये तेच काळे. पेटमध्ये रचनेऐवजी पेशींचा साखरेचा वापर उमटतो. शिवाय प्रत्येक यंत्रात डोके निराळ्या कोनात असते. मग एका चित्रातील गाठ दुसऱ्यात नेमकी कुठे शोधावी? शस्त्रक्रियेत काही मिलिमीटरांची चूकही रुग्णाची वाचा हिरावू शकते.

३/५
१९८९ मध्ये शिकागो विद्यापीठातील चार्ल्स पेलिझारी आणि सहकाऱ्यांनी एका चित्रातील डोक्याचा पृष्ठभाग दुसऱ्यावर टोपीसारखा बसवून पाहिला.

४/५
१९९५ च्या सुमारास बेल्जियममधील ल्यूवेन आणि अमेरिकेतील एमआयटी येथील संशोधक स्वतंत्रपणे क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या माहिती-सिद्धांताकडे वळले. त्यांच्या मते छटा सारख्या असण्याची गरजच नव्हती. एका चित्रातील छटेवरून दुसऱ्यातील छटेचा अंदाज जिथे सर्वाधिक बांधता येतो, तिथे चित्रे जुळतात.

५/५
मग व्हँडरबिल्ट विद्यापीठाने परीक्षा मांडली. रुग्णांच्या कवटीत बसवलेल्या खुणा चित्रांतून पुसून ती चित्रे विविध संशोधकगटांना दिली. १९९७ चा निष्कर्ष असा: संगणक बहुतेक वेळा समाधानकारक जुळणी करतो, पण क्वचित मोठी चूकही करतो. म्हणून जुळलेले चित्र माणसाने डोळ्यांनी तपासणे अनिवार्य आहे.