चावीचा ग्रामोफोन : जुन्या यंत्राची पारख आणि दुरुस्ती

चावीचा ग्रामोफोन : विजेशिवाय, चावी देऊन ताणलेल्या पोलादी स्प्रिंगच्या बळावर लाखेच्या तबकड्या वाजवणारे यंत्र. या तबकड्या मिनिटाला सुमारे ७८ फेऱ्यांनी फिरतात. सपाट तबकडीची कल्पना एमिल बर्लिनर याची. तिचे पेटंट १८८७ चे. भारतातील पहिले व्यापारी ध्वनिमुद्रण ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात केले. तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून येत. कलकत्त्यात सियालदहचा तबकड्यांचा कारखाना १९०८ मध्ये निघाला, डमडमचा १९२८ मध्ये. तबकडीला लागणारी लाख मात्र आधीपासूनच भारतातून जगभर जात होती.

महाराष्ट्रात अशी यंत्रे आज प्रामुख्याने मुंबईच्या चोर बाजारातील मटन स्ट्रीटवर, पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर सापडतात. बाजारात सर्वांत आधी डोळ्यांत भरतो तो चकाकता पितळी कर्णा. तेथेच सावध व्हावे. शोभेसाठी अलीकडे जुळवलेले नकली ग्रामोफोन भारतात मोठ्या प्रमाणावर तयार होतात आणि परदेशांतील संग्राहकांमध्येही ते कुप्रसिद्ध आहेत. पेटी नवी, बहुधा अष्टकोनी, कर्णा नवा, एचएमव्ही कंपनीच्या कुत्र्याच्या चित्राची पट्टीही नवी. त्यात खरे जुने असे एकच असते, ते म्हणजे आतली मोटर. जुन्या यंत्रांवरील कर्णे बहुतेक वेळा रंग दिलेल्या पातळ पत्र्याचे असत. नकली यंत्राचा सुईचा हात अंदाजाने बसवलेला असल्यामुळे सुई खाचेत नीट चालत नाही आणि तबकडी खरवडली जाते.

ही मोटर येते सुटकेसवजा पेटीच्या ग्रामोफोनमधून. एचएमव्हीची १०१ (१९२५) आणि १०२ (१९३१) ही त्यातली नावाजलेली मॉडेले. कर्णा पेटीच्या पोटातच घडी घालून बसवलेला असल्याने ती दिसायला साधी, पण आवाजाला भरदार. एक नकली भोंगा उभा राहतो तेव्हा बहुधा असे एक अस्सल यंत्र पोखरले गेलेले असते. म्हणून घेणाऱ्याने कर्ण्याकडे पाठ फिरवून कोपऱ्यात धूळ खात पडलेली काळी पेटी मागावी.

विकत घेण्याआधी चावी देऊन पाहावी. ती शेवटपर्यंत घट्ट होत गेली तर स्प्रिंग शाबूत आहे. कितीही फिरवली तरी सैलच राहिली तर ती तुटली आहे किंवा निसटली आहे. वाजताना आतून ‘धप्प’ असा आवाज येत असेल, तर वाळलेल्या ग्रीसमुळे स्प्रिंगचे वेढे चिकटून एकदम सुटत आहेत. हा दोष मोठा नाही. स्प्रिंगचा डबा उघडून ती घासलेटने धुवावी व ग्राफाइटचे ग्रीस भरावे. मात्र उघडण्यापूर्वी ताण पूर्ण उतरवलाच पाहिजे. ताणलेली स्प्रिंग सुटली तर हात फाडते. त्यानंतर गव्हर्नर पाहावा. फिरताना त्याची वजने बाहेर फेकली जातात आणि चकती चामड्याच्या किंवा फेल्टच्या गादीला टेकून वेग आवरते. ही गादी वाळली की यंत्र किंचाळते आणि सूर थरथरतो; तेलाच्या एखाद-दोन थेंबांनी बहुधा काम भागते.

आवाजाचे मर्म सुई बसवलेल्या साउंडबॉक्समध्ये आहे. त्याचा पडदा आधीच्या यंत्रांत अभ्रकाचा, पुढच्या काळात अ‍ॅल्युमिनियमचा. पडद्याभोवतीचे रबर काही दशकांत दगडासारखे होते आणि आवाज खरखरतो. जुने रबर काढून सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक नळी किंवा सिलिकॉनची नळी बसवली, की तेच यंत्र ओळखू येऊ नये इतके मोकळे गाते. इतका थोडा खर्च करून इतका मोठा फरक पाडणारी दुसरी दुरुस्ती या यंत्रात नाही. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग मात्र फुगून तडकले असतील, तर ते जोडण्याच्या खटपटीत न पडता बदलावेत.

वेग तपासताना तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवून, सुई ठेवलेली असताना, एका मिनिटातील फेऱ्या मोजाव्यात. सुईच्या ओझ्याने वेग उतरतो. पोलादी सुई दर बाजूला नवी घ्यावी. लाखेच्या मिश्रणातील कठीण भुकटी सुईला घासून खाचेच्या आकाराची करते. तीच सुई पुन्हा वापरली तर ती खाच कापते. विनाइलची एलपी या यंत्रावर कधीही लावू नये. एकदा वाजवली तरी ती खराब होते. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नये, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ कापड पुरे.

मराठी नाट्यपदांचे व भावगीतांचे मोठे भांडार याच तबकड्यांवर आहे. दहा इंची बाजू सुमारे सव्वातीन मिनिटांची. बालगंधर्वांचे पद त्या मापात बसवलेले होते आणि मूळ यंत्रावर ते त्याच मापात ऐकू येते. अशा जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० मध्ये मुंबईत स्थापन झाली.

घरात अशी पेटी असेल, तर कातडे फाटले, झाकण निखळले, चावी हरवली म्हणून ती भंगारवाल्याला देऊ नये. चावी मिळते, रबर बदलता येते, स्प्रिंगही मिळते.