चैत्रातील देवीपूजन : उंबरठ्याच्या आतील गौर आणि गडावरील देवी

प्रस्तावना

नवरात्र म्हटले की मराठी मनासमोर आश्विनातील घटस्थापना उभी राहते. तथापि धर्मग्रंथांनी देवीच्या उपासनेसाठी शरद ऋतूबरोबर वसंत ऋतूचाही निर्देश केलेला आहे. उत्तर भारतात चैत्र शुक्ल प्रतिपदेपासून नऊ दिवस उपवास, कलशस्थापना व कन्यापूजन असे वासंतिक नवरात्र घरोघरी पाळले जाते. महाराष्ट्रात मात्र काही मोजकी घराणी वगळता या व्रताने असे रूप धारण केलेले दिसत नाही. मग महाराष्ट्रातील चैत्रात देवी कोठे आहे? आणि तिच्या पूजनात कोणाला स्थान होते? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रंथांतील आधार

देवीभागवताच्या तिसऱ्या स्कंधात वसंत व शरद या दोन्ही ऋतूंना यमाच्या दाढा म्हटले आहे. हे ऋतुसंधीचे काळ रोगकारक असतात, म्हणून चैत्र व आश्विन या महिन्यांत चंडिकेचे पूजन करावे, असे तेथे प्रतिपादन आहे. ही केवळ काव्यकल्पना नव्हे. देवीच्या रोगाची साथ आपल्याकडे वसंतातच बळावत असे. मराठीत या रोगाचे नावच ‘देवी’, तर बंगालीत ‘बसंत’ असे पडले आहे. बंगालमध्ये आजही चैत्रात ‘बासंती पूजा’ होते आणि शरदातील पूजेला ‘अकालबोधन’ म्हणजे अवेळी केलेले जागरण म्हणतात. यावरून वसंतातील पूजा हीच मूळची, अशी तेथील परंपरेची धारणा स्पष्ट होते.

महाराष्ट्रापुरता विचार केल्यास काशिनाथ उपाध्याय यांनी पंढरपूर येथे सिद्ध केलेला ‘धर्मसिंधु’ (1790-91) हा ग्रंथ महत्त्वाचा ठरतो. चैत्र प्रतिपदेस देवीच्या नवरात्राचा आरंभ होतो हे त्यात नमूद आहे. त्याचबरोबर चैत्र शुक्ल तृतीयेस शिवासहित गौरीचे पूजन करून महिनाभर आंदोलनव्रत करावे, असेही सांगितले आहे. प्रत्यक्ष लोकाचारात यांपैकी दुसरे विधान अधिक रुजले.

चैत्राची त्रिविध विभागणी

महाराष्ट्रातील चैत्राचे बारकाईने अवलोकन केल्यास तीन प्रवाह आढळतात. पहिला प्रवाह रामाच्या उपासनेचा होय. पाडवा ते नवमी या नऊ दिवसांना आपल्याकडे ‘रामाचे नवरात्र’ म्हणण्याचा प्रघात आहे. समर्थ रामदासांनी 17 व्या शतकात चाफळ येथे सुरू केलेल्या उत्सवामुळे या उपासनेला मोठे बळ मिळाले. चैत्रातील उपवास हा असा मुख्यतः रामनवमीशी जोडला गेला.

दुसरा प्रवाह घरातील चैत्रगौरीचा. तृतीयेस गौर माहेरी येते, झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेस निरोप घेते. अंगणात चैत्रांगणाची रांगोळी, कैरीची डाळ, पन्हे आणि ओटीत भिजवलेले हरभरे हा या हळदीकुंकवाचा थाट असतो. उपवासाऐवजी येथे वसंतातील नव्या पिकाचा व फळांचा आस्वाद आहे.

तिसरा प्रवाह यात्रांचा. सप्तशृंगगडावर रामनवमी ते चैत्र पौर्णिमा चैत्रोत्सव भरतो. खानदेशातून हजारो भाविक उन्हातान्हात पायी येतात. याच उत्सवात गडाच्या शिखरावर रात्री कीर्तिध्वज फडकविण्याचा मान दरेगावच्या गवळी-पाटील घराण्याकडे आहे. कार्ल्याच्या एकवीरेची पालखी चैत्र शुक्ल सप्तमीस निघते आणि कोळी व आगरी समाज तेथे लोटतो. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक चुनखडीचे खडे वेचतात. रब्बीचे धान्य घरात आलेले असते व खरिपाच्या पेरणीस अवकाश असतो. कुणबी समाजाला पायी यात्रेसाठी याहून सोयीचा काळ नाही.

उंबरठ्याचा प्रश्न

यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या प्रवाहातील भेद केवळ विधींचा नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास निमंत्रण लागते आणि ते सवाष्णीलाच मिळते. ज्या घरात गौर माहेरवाशीण म्हणून कौतुकाने झुलत असे, त्याच घरात पतिनिधनानंतर माहेरी परतलेली लेक माजघरात बसून राही. डाळ वाटण्याचे काम तिचे, परंतु कुंकवाचा मान तिचा नव्हे. महर्षी कर्वे यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला, तो अशाच स्त्रियांसाठी. शिक्षणाने तिच्या उपजीविकेचा मार्ग खुला झाला, परंतु हळदीकुंकवाची चौकट तशीच राहिली.

गडावर जाण्यास मात्र निमंत्रण लागत नाही. नवस फेडण्यासाठी पायऱ्या चढणाऱ्या स्त्रीला तिच्या कपाळाविषयी विचारले जात नाही. अर्थात यात्रा म्हणजे समतेचे राज्य, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. तेथेही पालखीचे मान ठरलेले असतात व पूजेचे अधिकार वंशपरंपरागत असतात. तरीही दर्शनाच्या रांगेत विधवेला जे स्थान आहे, ते दिवाणखान्यातील गौरीपुढे तिला नव्हते, ही बाब नाकारता येत नाही.

व्रतांच्या अभ्यासात ग्रंथांना प्राधान्य मिळाले. म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या 5 व्या खंडातील व्रतांची सूची आजही अनिवार्य आहे. दा. ध. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (1962) या ग्रंथात देवीस्थाने आणि प्राचीन मार्ग यांचा संबंध दाखवून अभ्यासाची दुसरी वाट खुली केली. परंतु निमंत्रण कोणाला नव्हते, याची नोंद व्रतांच्या सूचीत सापडत नाही आणि पायवाटांवरही सापडत नाही. ती स्त्रियांच्या स्मृतीत आहे.

निष्कर्ष

महाराष्ट्रात वासंतिक नवरात्र लुप्त झाले नाही, तर त्याची विभागणी झाली. उपवास रामनवमीकडे गेला, सौभाग्य गौरीकडे आले आणि नवस गडावर गेला. या विभागणीत विधवेच्या वाट्याला उपवास व नवस आले. उत्सव मात्र आला नाही.

शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथांच्या विरोधात ठराव केला. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने अन्य ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. कर्व्यांच्या आश्रमानंतर सव्वाशे वर्षांनी असा ठराव करावा लागला, ही बाब अंतर्मुख करणारी आहे. आपल्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी आजी-पणजींच्या चैत्रगौरीच्या आठवणी, विशेषतः निमंत्रण न आलेल्यांच्या आठवणी, आताच नोंदवून घेणे अगत्याचे आहे. ही साक्ष कोणत्याही दप्तरात जतन झालेली नाही. सांगणाऱ्या स्त्रियांबरोबर तीही निघून जाईल.