ते विश्वासू हात

भारतातून पाहुणे आले की त्यांना वेस्टमिन्स्टर ॲबी दाखवणे, हे लंडनच्या बहुतेक मराठी घरांचे ठरलेले काम. माझी आई आली तेव्हा आम्हीही गेलो. मधल्या दालनात जमिनीत एक काळी फरशी बसवलेली आहे. तिच्यावर डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे नाव आणि विश्वासू हातांनी त्यांना जमिनीवरून व समुद्रावरून इथे आणले, अशा अर्थाचा मजकूर आहे. माझ्या मुलीने विचारले, "बाबा, हे हात कोणाचे? त्यांची नावे का नाहीत?" मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन वाचायला लागलो आणि वाचता वाचता थेट आमच्या नाशिकच्या शरणपूरला जाऊन पोहोचलो.

लिव्हिंग्स्टन स्कॉटलंडचे. दहाव्या वर्षी कापडगिरणीत कामाला लागलेला हा मुलगा पुढे डॉक्टर झाला आणि १८४० च्या डिसेंबरात मिशनरी म्हणून दक्षिण आफ्रिकेला निघाला. ते पहिल्यांदा मायदेशी परतले १८५६ च्या डिसेंबरात, म्हणजे तब्बल सोळा वर्षांनी. तोवर त्यांनी पश्चिमेच्या लुआंडापासून पूर्वेच्या केलिमानेपर्यंत आफ्रिका खंड ओलांडले होते. इंग्लंडने त्यांना डोक्यावर घेतले. पण आफ्रिकी भाषा बोलण्याची इतकी सवय झाली होती की इंग्रजी बोलताना ते अडखळत. आणि ज्यांना भेटायचे, ते वडील त्याच वर्षी काही महिने आधी गेलेले. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. अण्णा गेले तेव्हा मी हीथ्रोवर विमानाची वाट पाहत होतो.

दुसऱ्यांदा ते परतले १८६४ साली, आणि तेही मुंबईमार्गे! झांबेझीची मोहीम फसली होती, पत्नी मेरी १८६२ मध्ये आफ्रिकेतच मलेरियाने गेली होती. 'लेडी न्यासा' ही आपली छोटी आगबोट विकण्यासाठी त्यांनी ती स्वतः हाकत, पावसाळा तोंडावर असताना, झांझिबारहून पंचेचाळीस दिवसांत मुंबईला आणली. सोबत चुमा आणि विकातानी ही गुलामगिरीतून सुटलेली दोन मुले होती. त्यांना विल्सन कॉलेजमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शिकायला ठेवून लिव्हिंग्स्टन पुढे गेले. घरी पाच वर्षांच्या ॲना मेरीने आपले वडील तेव्हा प्रथमच पाहिले.

आता शरणपूर. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबते पकडत असे. त्यातून सुटलेल्या मुलांना परत पाठवणार कुठे? गाव जळालेले, आईबाप हरवलेले. त्यातल्या अनेकांना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळच्या शरणपूरच्या आश्रमात ठेवले. तिथे त्यांना लिहावाचायला, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले जाई. शरणपूर रोडवरून सायकल मारत माझे अख्खे बालपण गेले, पण हे नाव तिथे का, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

१८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन पुन्हा मुंबईत आले. गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या मदतीने तयारी करून जानेवारी १८६६ मध्ये ते नाईल नदीचा उगम शोधायला आफ्रिकेकडे निघाले. बरोबर चुमा आणि नाशिकचे नऊ तरुण होते. या तरुणांबद्दल डॉक्टरांनी रोजनिशीत तक्रारीही लिहिल्या आहेत. काही जण वाटेत सोडून गेले, पण एडवर्ड गार्डनर शेवटपर्यंत राहिला. १८७१ मध्ये स्टॅन्ली उजिजीला भेटला, त्याने घरी चलण्याचा आग्रह केला. डॉक्टरांनी नकार दिला. काम अपुरे होते. स्टॅन्लीने १८७२ मध्ये किनाऱ्यावरून माणसे पाठवली, त्यांत नाशिकचे आणखी काही तरुण होते. जेकब वेनराइट त्यांतलाच एक.

१ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले. त्यांच्या माणसांनी तिथेच दफन करून पगार घ्यायला किनारा गाठला असता, तर कोणी दोष दिला नसता. पण सुसी, चुमा आणि मंडळींनी ठरवले की यांना यांच्या घरी पोहोचवायचे. हृदय झाडाखाली पुरले. प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरले ते नाशिकला शिकलेल्या जेकबने. देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि खांद्यावर घेतला. हजार मैलांहून अधिक वाट, सुमारे नऊ महिने. काही जण वाटेतच दगावले. उन्यान्येंबेला भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने इथेच दफन करा म्हटले, त्यांनी मानले नाही. पुढे एका गावाने प्रेत नेण्यास विरोध केला, तेव्हा देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून पुढे नेला. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला पोहोचले.

लंडनला देहाची ओळख पटली ती सिंहाने १८४४ साली मोडलेल्या डाव्या हाताच्या हाडावरून. १८ एप्रिल १८७४ च्या अंत्यविधीला त्या आफ्रिकन सोबत्यांपैकी एकटा जेकब हजर होता. सुसी आणि चुमा इंग्लंडला आले ते दफन झाल्यावर.

मग जेकब आणि त्याच्यासारख्यांच्या घराचे काय? १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रीअर टाउन वसले. ते वसवायला शरणपूर चालवणारे रेव्हरंड प्राइसच गेले आणि शरणपूरची मंडळीही तिकडे रवाना झाली. कागदोपत्री ही घरवापसी. पण मुंबई-नाशिकला जे 'आफ्रिकन' म्हणून ओळखले जात, त्यांना आफ्रिकेत नाव पडले 'बॉम्बे आफ्रिकन'! आपण इथे 'इंडियन' आणि सुट्टीत नाशिकला गेलो की 'लंडनवाले', त्यातलाच प्रकार. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की आपण तिकीट काढून आलो; त्यांना पकडून आणले होते.

लिव्हिंग्स्टन यांना तिसऱ्यांदा घरी नेले ते ज्यांना स्वतःला परतायला घर उरले नव्हते अशांनीही. त्यांना परतण्याची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळत असावी.

मुलीला आता नावे पाठ आहेत: सुसी, चुमा, गार्डनर, जेकब, आणि १९३५ पर्यंत मोंबासाला जगलेला मॅथ्यू वेलिंग्टन. पुढच्या सुट्टीत आजीकडे गेलो की शरणपूर रोडवरून तिला चालत नेणार आहे. या वेळी सायकल नको.