डिलीट केलेली फाइल पोलिसांना कशी सापडते? डिजिटल फॉरेन्सिक म्हणजे नेमकं काय?

जानेवारी २००५. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं विचिटा शहर. तिथल्या पोलिसांना एका खुन्याने चिठ्ठीतून प्रश्न विचारला. मी फ्लॉपीवर मजकूर पाठवला तर तुम्ही माझ्यापर्यंत पोहोचू शकाल का? खरं सांगा आणि उत्तर पेपरातल्या छोट्या जाहिरातीत द्या.

पोलिसांनी जाहिरात दिली. काही अडचण नाही, म्हणाले. आणि त्याने विश्वास ठेवला!

हा माणूस स्वतःला 'बीटीके' म्हणवून घ्यायचा. १९७४ ते १९९१ या काळात त्याने १० खून केले होते आणि पोलिस ३० वर्षं त्याच्या मागावर होते. १६ फेब्रुवारीला त्याची फ्लॉपी एका टीव्ही चॅनेलकडे आली. वरवर पाहिलं तर तिच्यात कामाचं काही नव्हतं. पण पोलिसांच्या कॉम्प्युटर तज्ज्ञाला तिच्यात आधी डिलीट केलेली एक वर्ड फाइल सापडली. त्या फाइलसोबत दोन नोंदी चिकटलेल्या होत्या. एक, 'ख्राइस्ट लुथरन चर्च'. दुसरी, शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव 'डेनिस'. चर्चची वेबसाइट उघडली तर तिथल्या मंडळाच्या अध्यक्षाचं नाव होतं डेनिस रेडर. पुढे डीएनए चाचणीनेही तोच असल्याचं पक्कं झालं. २५ फेब्रुवारीला त्याला अटक झाली आणि नंतर १० जन्मठेपा.

फाइलबद्दलच्या या चिकटलेल्या माहितीला 'मेटाडेटा' म्हणतात. मोबाइल, लॅपटॉप, पेनड्राइव्ह, सीसीटीव्ही अशा उपकरणांमधून असे पुरावे शोधायचे, ते जसेच्या तसे जपायचे आणि कोर्टात टिकतील अशा पद्धतीने मांडायचे, हे डिजिटल फॉरेन्सिकचं काम.

डिलीट केलेलं जातं कुठे?

बहुतेक वेळा कुठेच जात नाही. सोसायटीतल्या एखाद्या फ्लॅटची पाटी काढली तरी सामान आतच असतं, तसं समजा. डिलीट केल्यावर कॉम्प्युटर फक्त 'ही जागा आता रिकामी' अशी नोंद करतो. त्या जागेवर नवी फाइल येऊन बसेपर्यंत जुनी तिथेच पडून असते.

पण सिनेमात दाखवतात तसं सगळंच परत मिळतं असंही नाही. ही गोष्ट जुन्या हार्ड डिस्क आणि फ्लॉपीला जितकी लागू पडते तितकी आजच्या फोनला नाही. नव्या एसएसडी डिस्क रिकामी झालेली जागा स्वतःच पुसत राहतात. फोनमधला डेटा तर कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असतो. फॅक्टरी रीसेट केला की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. मग डेटा असला काय आणि नसला काय.

पुराव्याला हात न लावता तपास

म्हणून खरी कसरत पुरावा शोधण्याआधी सुरू होते. लॅपटॉप नुसता चालू केला तरी त्यातल्या कितीतरी फाइलींच्या तारखा बदलतात. त्यामुळे मूळ डिस्कवर कुणी काम करत नाही. 'राइट ब्लॉकर' नावाचं उपकरण मध्ये लावतात. त्यातून डिस्कवरचं वाचता येतं, तिच्यावर लिहिता मात्र येत नाही. मग डिस्कची बिट-न्-बिट नक्कल काढतात आणि तपास त्या नकलेवर होतो. जप्त केलेला फोन नेटवर्क तोडणाऱ्या खास पिशवीत ठेवतात, नाहीतर कुणी दूर बसून तो पुसून टाकायचं.

आता नक्कल मुळाबरहुकूम आहे हे कसं ठरवायचं? त्यासाठी असते 'हॅश व्हॅल्यू'. फाइलवर एक गणिती प्रक्रिया करून तिचा जणू अंगठ्याचा ठसा काढायचा. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी अख्खा ठसा बदलतो. जप्तीच्या वेळचा ठसा आणि कोर्टातला ठसा जुळला, म्हणजे मधल्या काळात छेडछाड झाली नाही.

जालन्याची निवडणूक आणि एक प्रमाणपत्र

आपल्याकडे या पुराव्यांचे नियम पक्के होण्यात एका मराठी निवडणुकीचा मोठा वाटा आहे. २०१४ च्या विधानसभेला जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. हरलेले कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं होतं, खोतकरांचे अर्ज दुपारी ३ ची मुदत संपल्यावर दाखल झाले. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्याच कॅमेऱ्यांचं चित्रीकरण. पण त्याच्या सीडीसोबत कायद्याने लागणारं प्रमाणपत्र नव्हतं. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नव्हतं.

२०१७ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १४ जुलै २०२० ला निकाल आला, तोवर त्या विधानसभेची मुदतही संपून गेली होती. खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं, पण देशभरासाठी नियम स्पष्ट झाला. नक्कल दाखवायची तर प्रमाणपत्र हवंच. मालकाने मूळ फोन किंवा लॅपटॉपच साक्षीत हजर केला तर ते लागत नाही. आणि सगळे प्रयत्न करूनही समोरचा प्रमाणपत्र देत नसेल, तर त्याची शिक्षा मागणाऱ्याला नको.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार या प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश व्हॅल्यू लिहावी लागते.

मग स्क्रीनशॉटचं काय?

सोशल मीडियावर कुणी धमकी दिली की आपण पटकन स्क्रीनशॉट काढतो. तो जरूर काढावा. पण तो एक फोटो आहे, आणि बनावट चॅटचा स्क्रीनशॉट शाळकरी पोरही बनवतं. खरा पुरावा म्हणजे फोनमधलं मूळ चॅट. स्क्रीनशॉट काढून चॅट डिलीट करणारे, फसवणूक झाल्यावर घाबरून फोन रीसेट करणारे किंवा अ‍ॅप उडवणारे लोक नकळत स्वतःचाच पुरावा पुसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्याचा बराचसा मेटाडेटाही गळून जातो. त्यामुळे मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तिथेच राहू द्यावी आणि पाठवायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी.

पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे कॉल करताना व्यवहाराचा क्रमांक, तारीख-वेळ आणि बँकेचा मेसेज हाताशी लागतो. तो मेसेजही इनबॉक्समध्येच राहिलेला बरा.