शेगडीखालची जमीन

इ. स. १७३५ च्या फेब्रुवारी महिन्यांत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ या वर्तमानपत्रांत, आगीपासून गांवाचें रक्षण कसें करावें याविषयीं एक पत्र प्रसिद्ध झालें. आपण म्हातारे असून हात अधू झाल्यामुळें आग विझविण्यास धांवून जातां येत नाहीं, निदान चार सूचना तरी कराव्या, अशी लेखकानें सुरुवात केली होती. वास्तविक हा म्हातारा म्हणजे त्या वर्तमानपत्राचा मालक बेंजामिन फ्रँक्लिन. आणि त्याचें वय तेव्हां अवघें २९ वर्षांचें होतें! सोंग थट्टेचें असलें तरी सूचना थट्टेच्या नव्हत्या. जळते निखारे उघड्या फावड्यावरून एका खोलींतून दुसरींत नेऊं नयेत, हें त्यानें सांगितलेंच. पण त्याचा खरा रोष होता तो शेकोटीपुढील फरशी अरुंद ठेवण्याच्या चालीवर, आणि शेकोटीच्या दोहों बाजूंस बसविलेल्या, राळेनें भरलेल्या पाइनच्या लांकडी नक्षीवर. निखारा घरंगळला कीं ही नक्षी पेट घेण्यास टपलेलीच असे. कायद्यानेंच याचा बंदोबस्त करावा, असें त्याचें म्हणणें होतें.

१७४४ सालीं फ्रँक्लिननें आपण योजिलेल्या लोखंडी शेगडीची माहिती छापली. ही शेगडी भिंतींतील जुन्या शेकोटीच्या पोटांत बसे. म्हणून तिच्याखालीं वीटकामच असे. एकोणिसाव्या शतकांत पायांच्या बंद शेगड्या आल्या आणि नळीनें धुराड्यास जोडून त्या खोलींत पुढें सरकल्या. ऊब वाढली, लांकूड कमी लागूं लागलें. परंतु विस्तव विटांचें घर सोडून फळ्यांच्या जमिनीवर येऊन उभा राहिला. त्याच्याखालीं जस्ताचा पत्रा मढविलेली फळी घालण्याची रीत पडली. कांहीं फळ्यांत ॲस्बेस्टॉसचा थर असे. त्याच्या धुळीनें फुप्फुसांचे असाध्य रोग होतात हें पुढें कळलें. अशी जुनी फळी सांपडल्यास ती कापूं वा घासूं नये, हेंच बरें.

१९७३ सालीं खनिज तेल महागलें आणि अमेरिकेंतील जुन्या घरांत पुन्हां लांकडाच्या शेगड्या आल्या. शेकोटीपुढें दगडी फरशी आहेच, मग चिंता कसली, असें घरमालकास वाटे. येथेंच फसगत होते. जुन्या गवंड्यांनीं फरशीखालील विटा व चुना आळेपर्यंत आधारास लांकडी फळ्या मांडल्या, आणि काम झाल्यावर पुष्कळ ठिकाणीं त्या तशाच ठेवून दिल्या. ठिणगी दगडावर विझते. उष्णता मात्र दगडांतून सावकाश खालीं उतरते. पत्र्याचेंही तेंच: तो ठिणगी अडवितो, ऊन अडवीत नाहीं. वर्षानुवर्षें तापलेलें लांकूड काळवंडत जातें आणि ताज्या लांकडापेक्षां कमी उष्णतेवर पेटूं शकतें.

म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निरक्षण संघाचे नियम केवळ पत्र्यावर भागवीत नाहींत. कारखान्याच्या अधिकृत सूचना नसलेल्या जुन्या शेगडीचे पाय सहा इंचांहून आंखूड असतील, तर तिच्याखालीं चार इंच जाडीच्या पोकळ विटा, आंतून वारा खेळेल अशा मांडून, पत्र्यासह घालाव्या लागतात. पाय उंच असल्यास पत्र्यासह दोन इंचांचें भरीव वीटकाम पुरतें. दोन इंचांहूनही आंखूड पायांची शेगडी लांकडी जमिनीवर ठेवूंच नये. आणि हें संरक्षण शेगडीच्या चारी बाजूंस १८ इंच पुढें आलें पाहिजे.

परंतु हें मोजमाप घेण्यापूर्वीं तळघरांत उतरून, शेकोटीच्या बरोबर खालीं उभें राहून, दिवा वर धरावा. विटांऐवजीं फळ्या दिसल्या, तर प्रथम त्या काढून घ्याव्या. शेगडी मागाहून आणावी.