कांचेच्या पेटींतील झिंगे

कोळंबी, करंदी, जवळा हीं नांवें मराठी घरांत उच्चारलीं जातात तीं बहुधा स्वयंपाकघरांत, आणि त्या प्राण्याची गांठ पडते ती ताटांत. असा हा जीव केवळ पाहण्यासाठीं कोणी दिवाणखान्यांत हौसेनें पाळील, ही कल्पना कोंकणांतील एखाद्या आजीबाईंस हास्यास्पदच वाटेल. तथापि गोड्या पाण्यांतील इंचभर लांबीचे झिंगे कांचेच्या पेटींत पाळण्याचा छंद आज जपानपासून युरोपपर्यंत पसरला आहे. कोंडलेलें पाणी निर्मळ कसें राहतें, हें त्यामागील मूळ कोडें. तें उलगडण्यांत एकोणिसावें शतक बहुतेक खर्ची पडलें, आणि नवशिक्याची पेटी आजही बिघडते ती त्याच ठिकाणीं.

कथेचा आरंभ सिसिली बेटावरील मेसिना बंदरांत होतो. झान व्हिलप्रो ही फ्रान्समधील एका लहानशा गांवीं १७९४ सालीं जन्मलेली, पॅरिसमध्यें शिवणकाम करणारी तरुणी. राजघराण्यांतील एका वधूचा पोशाख शिवून तिनें नांव मिळविलें आणि १८१८ सालीं जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशीं विवाह करून ती मेसिना येथें राहिली. तेथील समुद्रांत अर्गोनॉट नांवाचा, अष्टपादाच्या कुळांतील एक प्राणी असतो. त्याचें कागदासारखें पातळ कवच तो स्वतः घडवितो कीं दुसऱ्याचें बळकावतो, यावर विद्वानांत वाद माजला होता. मेलेला नमुना मद्यार्कांत बुडवून तो मिटण्यासारखा नव्हता. म्हणून १८३२ सालीं तिनें कांचेच्या पेट्या करविल्या आणि हा प्राणी आपलें कवच आपणच तयार करतो, फुटल्यास सांधतो, हें प्रत्यक्ष पाहून सिद्ध केलें. पुढें १८३८ सालीं तिचा संग्रह घेऊन लंडनकडे निघालेलें जहाज बुडालें. इतक्या वर्षांची मेहनत समुद्रतळीं गेली, तरी रिचर्ड ओवेन यांच्यासारख्या प्राणिशास्त्रज्ञानें तिचें श्रेय मान्य केलें. त्या काळीं एका स्त्रीच्या बाबतींत ही गोष्ट लहान नव्हे.

मेसिनांत समुद्र दाराशींच होता. लंडनच्या धुरकट वस्तींत रोज ताजें पाणी कोठून आणावयाचें? तेथील उत्तर एका रसायनशास्त्रज्ञाकडून आलें. रॉबर्ट वॉरिंग्टन हे औषधविक्रेत्यांच्या संस्थेंत काम करीत. त्यांनीं एका मोठ्या कांचपात्रांत वाळू, खडे व चिखल घालून पाणी भरलें, वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति लावली आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. वनस्पति प्राणवायु सोडील, मासे तो घेतील, आणि माशांनीं सोडलेल्या वायूवर वनस्पति वाढेल, असा हिशेब होता. कांहीं दिवस तो जुळला. मग वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें, कांचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. वॉरिंग्टन यांनीं पाणी फेंकून दिलें नाहीं. निसर्गांतील तळ्यांत ही घाण कोण काढतो, असा प्रश्न त्यांनीं केला आणि पात्रांत तळ्यांतील गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाल्लीं, पाणी पुन्हां स्वच्छ झालें, शिवाय त्यांचीं अंडीं माशांच्या तोंडीं पडलीं. हा वृत्तान्त त्यांनीं १८५० सालीं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें मांडला. आजच्या पेटींत झिंगा जें काम करतो, तें त्या पात्रांत गोगलगाईनें केलें होतें.

कांचेवरील कर इंग्लंडांत १८४५ सालींच उठला होता, त्यामुळें पेटी मध्यम स्थितीच्या घरालाही परवडूं लागली. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथानें ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघरीं नेला. मग लोक डेव्हनच्या किनाऱ्यावर टोपल्या घेऊन धांवले. खडकांतील पाण्याचीं कुंडें शतकानुशतकें जशीं होतीं तशीं राहिलीं नाहींत. आपल्या पित्याच्या पुस्तकांमुळेंच तीं ओसाड झालीं, अशी खंत गॉस यांच्या पुत्रानें १९०७ सालच्या आपल्या आत्मवृत्तांत नोंदविली आहे. प्रेमानें केलेली लूट ती लूटच.

वॉरिंग्टन यांचा हिशेब मात्र अपुरा होता, आणि तो पुरा करण्यास त्यांच्याच पुत्रानें हातभार लावावा, हा इतिहासांतील एक गोड योग होय. माशांच्या मलमूत्रांतून व कुजक्या अन्नांतून अमोनिया निर्माण होतो. तो विषारी असतो, आणि त्याची विल्हेवाट केवळ प्राणवायूनें लागत नाहीं. १८७७ सालीं श्लोझिंग व म्युंट्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं सांडपाणी वाळूंतून गाळून दाखविलें कीं अमोनियाचें नायट्रेट होतें. क्लोरोफॉर्मची वाफ दिली कीं ती क्रिया थांबते, अर्थात् तिच्यामागें सजीव आहेत. रॉथमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेंत धाकटे रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं पुढें दाखविलें कीं हें काम दोन टप्प्यांत आणि दोन निराळ्या जंतूंकडून होतें: एक अमोनियाचें नायट्राइट करतो, दुसरा त्याचें नायट्रेट. ते जंतु वेगळे काढणें त्यांना साधलें नाहीं. तें विनोग्राड्स्की यांनीं १८९० च्या सुमारास साधलें. पित्याच्या पात्रांतील वाळूंत हे जंतु पहिल्या दिवसापासून खपत असले पाहिजेत, पण त्यांचें नांव घेणारें कोणी नव्हतें.

झिंग्याला या कथेंत मानाचें स्थान मिळालें तें जपानांत. निईगाता प्रांतांतील ताकाशी आमानो (१९५४–२०१५) हे आधीं सायकल-शर्यतींत उतरणारे, मग छायाचित्रकार. पाण्याखालीं बाग उभी करण्याचा त्यांना ध्यास होता, आणि शेवाळ हा त्या बागेचा वैरी. १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत त्यांनीं जपानी ओढ्यांतील एका पारदर्शक झिंग्यास त्या कामीं लावलें. तो रात्रंदिवस शेवाळ कुरतडतो. आज जगभर त्यास आमानोंच्या नांवानें ओळखतात.

नवशिक्यानें पेटी मांडतांना हा इतिहास उपयोगीं पडतो. वीसेक लिटरांची पेटी, वाळू, पाणवनस्पति आणि स्पंजाची गाळणी बसवून चार ते सहा आठवडे ती झिंग्यांवांचून चालूं द्यावी. तेवढ्या काळांत धाकट्या वॉरिंग्टनांचे जंतु तिच्यांत वस्ती करतात. ज्यांना धीर धरवत नाहीं, त्यांचे झिंगे पहिल्याच आठवड्यांत मरतात. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन उघडें ठेवल्यानें उडून जातो, क्लोरामीन मात्र तसा जात नाहीं. त्यास निराळें औषध लागतें. आणि महाराष्ट्रीय घरास एक खास सूचना: तांब्याच्या हंड्यांतील पाणी माणसास कितीही मानवो, झिंग्याला अल्पसें तांबेंही मारक ठरतें. झिंगा कात टाकतो, तेव्हां ती रिकामी कात मेलेला झिंगा समजून फेंकूं नये. तिच्यांतील चुना तो पुन्हां खातो, आणि अंग मऊ असेपर्यंत पानांआड लपून बसतो.

जातीची निवड करतांना गॉसच्या पुत्राची खंत आठवावी. आमानोंच्या झिंग्याचीं पिलें निसर्गांत ओढ्याबरोबर वाहत समुद्राकडे जातात. खाऱ्या पाण्यावांचून तीं वाढत नाहींत, म्हणून गोड्या पाण्याच्या पेटींत त्याची वंशवृद्धि होत नाहीं. तांबड्या रंगाचा निओकॅरिडिना हा मूळ करड्या-तपकिरी झिंग्यापासून निवड करीत घडविलेला. त्यास समुद्र लागत नाहीं. मादी पोटाखालीं वीस-तीस अंडीं धरून पायांनीं त्यांना सतत पाणी घालीत राहते. साधारण चार आठवड्यांनीं स्पंजाच्या काठाशीं, दोन मिलिमीटरांचे, पण आईबापांसारखेच हुबेहूब झिंगे चरतांना दिसूं लागतात.